बिअरच्या निमित्तानं

खिदिरपूर, कलकत्ता
१३ मे १९५७

चि. ज्योतीराम यास,

मी इथं खुशाल आहे. यंत्रांची जहाजं उशिरा लागताहेत, त्यामुळे देहूरोडला परतायला जून उजाडेल. उकाडा फार. पुनावळ्याच्या विहिरीला पाणी किती आहे ते कळव. आईचा गुडघा कसा आहे?

काल रविवार होता. गोदीत बारा वर्षं काढलेले आपल्या रत्नागिरीकडचे उद्धवराव मला फिरायला घेऊन गेले. हुगळीच्या घाटावर बसून नावा पाहिल्या, चणे खाल्ले. मग ते एका हॉटेलात शिरले. दार सताड उघडं आणि टेबलाटेबलांवर बाटल्या! मी दारातच थबकलो.

"अहो रंगराव, इथं दारूबंदी नाही. बसा. दोन कंपन्यांची बिअर मागवतो. कुठली बरी ते तुम्ही सांगायचं."

दोन्ही चाखल्या. एक कडू, दुसरी त्याहून कडू. मी तोंड वाकडं केलं तसे उद्धवराव खो खो हसले. शेजारच्या टेबलावर एक म्हातारा बायकोला कटलेट भरवत होता. तोंडाला फेस लागलेल्या माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मी मात्र ग्लास बाजूला सारला. एवढ्याशा गोष्टीसाठी तू तीन महिने येरवड्याला काढलेस, डेपोतली नोकरी घालवलीस.

आईनं मास्तरांकडून लिहून घेतलेलं पत्र आलंय. ईदला तुझा जुना दोस्त शौकत शीरखुर्मा घेऊन आला आणि तू त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवलंस. आई म्हणते, "डबा हातात घेऊन तसाच माघारी गेला रं. सहा वर्सं येतोय बिचारा. ह्यो त्याच्याकडं बघत बी न्हाई."

ज्योती, शौकतनं तुझं नाव सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

तुम्ही दोघांनी नदीवर ती बाटली संपवलीत, त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. डेपोच्या मेसमधल्या बाटल्या चोरीला गेल्या होत्या. "तुमच्या घरात कुणी पितं का?" म्हणून विचारलं. आधी मी नाही म्हणालो. हेडक्लार्कच्या जागेची यादी त्यांच्यासमोर होती आणि तिच्यात माझं नाव होतं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी तुझं नाव घेतलं आणि त्यांनी तुला पोलिसांच्या हवाली केलं. विचारणा डेपोतल्या माणसांपुरतीच होती. शौकतचं गॅरेज बाहेरचं, म्हणून तो वाचला. तो सुटला म्हणजे त्यानंच चुगली केली, असं तू धरून चाललास आणि मी तुला तसं धरू दिलं. तू सुटून आलास त्या दिवशी माझ्याच गळ्यात पडून म्हणालास, "दादा, मित्रानंच दगा दिला." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. चोर पुढं दुसराच निघाला, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

बढती मिळाली. तिचा पगार आजही घेतो.

शौकतला वेगळं पत्र टाकलंय. पण तू ते पोचायची वाट पाहू नकोस. हे वाचलंस की चपला घाल आणि थेट त्याच्या गॅरेजवर जा. तो काही विचारणार नाही, माणूस तसा आहे.

मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. मात्र हे पत्र आईला तूच वाचून दाखव. मला वाचवायला म्हणून एकही ओळ गाळू नकोस.

तुझं नाव सांगणारा,
रंगराव