बुजवलेलं बावखल

प्रिय बस्त्याव,

तू गेल्याला दोन पावसाळे झाले. इतके दिवस लिहिलं नाही. जिवंतपणी तरी माझं कुठे ऐकायचास? आज लिहिते, कारण तुझ्याच व्हॉट्सअॅप ग्रुपने तुला गाठलंय.

वाडीतल्या जुन्या-नव्या सगळ्यांना धरून तूच तो काढलास. नियमही तुझाच: सल्ला द्यायचा नाही, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगायची, गोष्टी जुळल्या की उत्तर निघतं. अशीच शेताची हरवलेली हद्द निघाली तेव्हा किती मिरवलास!

गेल्या आठवड्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या, तळमजल्यावरच्या श्वेताने विचारलं, "आमच्या बेडरूमची लादी खचतेय, भिंतीला चीर गेलीय. इथे आधी काय होतं?"

लोक सांगू लागले. शेजारचा डॉमणिक तिथल्या बावखलात पोहायला शिकला. कुणाची म्हैस चिंचेपासून वीस पावलांवर रुतली होती. कुणाला रहाट आठवला, कुणाला पायऱ्या. श्वेताच्या नवऱ्याने सगळं कागदावर मांडून फोटो टाकला. बस्त्याव, वाडीला पाणी देणारं आपलं ते तळं बरोबर त्यांच्या पलंगाखाली येतं.

"पन बुजवला कोनी?" डॉमणिकने लिहिलं. मग तोच म्हणतो, "काकी, जागा तुमचीच ना? एरवी तुमचं तोंड बंद नसतं."

शहाणा मेला.

बुजवायचंच तर निदान आधी गाळ तरी काढ, म्हटलं होतं मी. तू गाळावरच शहरात पाडलेल्या चाळींचं डेब्रिज ओतून घेतलंस आणि बिल्डरच्या कागदावर 'पक्की जमीन' म्हणून सही ठोकलीस. आणि मी? डंपरवाल्यांना चहा नेऊन देत होते.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टी ऐकल्यास, आपली एक सांगितली नाहीस. घाबरत होतास, की कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत होतास?

आज सकाळी श्वेताने पुन्हा फोटो टाकलाय. चिरेत तिचं अख्खं बोट जातं. तिची मुलगी त्याच खोलीत झोपते. आणि सोसायटीचा सेक्रेटरी लिहितो, "पाऊस संपू दे, मग बघू."

हे पत्र संपलं की मी ग्रुपवर आपली गोष्ट लिहिणार आहे. बावखल किती खोल होतं, काय ओतलं, सही कुणाची, चहा कुणाचा. मग समोर जाऊन त्या तिघांना इकडे आणीन. तुझी खोली रिकामीच आहे. सेक्रेटरीशी बोलायला मला कुणाची सोबत लागत नाही.

वाडीत तुझं नाव खराब होईल. होऊ दे. पण एकट्या तुझ्यावर ढकलणार नाही, हा शब्द देते. एवढी बायको मी अजून आहे.

तुझी,
एल्सी