दारावरचा कडुलिंब

ता. ७ फेब्रुवारी १८९८

अकरा महिने या वहीला हात लावला नाही. क्षमा मागायची तर वहीचीच! शेवटची नोंद गंगाधरच्या तापाची. धाकटा भाऊ माझा. तपासणीवाल्यांना त्याची खोली मीच दाखवली. प्लेगच्या इस्पितळात नेला, तो परत आला नाही. तेव्हापासून ही माझ्याशी गरजेपुरतंच बोलते. थोरली बहीण अक्का तर तेवढंही नाही.

शाळा बंद. आजपासून कोळीवाड्यात लस टोचणाऱ्या डॉक्टरांबरोबर जातो. यादी लिहायची, लोकांना समजवायचं.

ता. ९

एकही दंड पुढे आला नाही. बाही वर करून माझी टोचल्याची खूण दाखवली. पुतळाबाई मासळी निवडता निवडता म्हणाली, "मास्तर, टोचल्यावर ताप येतो ना?"

"एक-दोन दिवस."

"आन् ते तपासणीवाले काय शोधत फिरतात?"

मी यादीत डोकं घातलं.

"तापच ना! म्हंजे तुमी ताप द्यायचा, त्यांनी उचलून न्यायचं. बरी जोडी जमलीय!"

बायका हसल्या. यांना मी अडाणी म्हणत होतो! सरकारचे दोन हुकूम एकमेकांच्या उरावर बसलेत, हे मला — बी. ए. झालेल्याला — का दिसलं नाही?

ता. १०

डॉक्टरांना सुचवलं — घरात देवी आल्या की हे लोक दाराला कडुलिंब बांधतात, तिथे परका पाऊल टाकत नाही. तीच खूण घेऊ. ज्या घरात कुणी टोचून घेईल त्या दाराला डहाळी. तीन दिवस तिथे तपासणी नाही. वरच्यांनी मानलं! देवळासमोर उभा राहून मी शब्द दिला.

ता. ११

पहिली सोनूबाई. दंड पुढे करून म्हणाली, "शब्द फिरला तर याच हातानं हाणीन, मास्तर!"

दिवसभरात तेवीस घरं. वर्षभरात प्रथमच नीट जेवलो.

ता. १४

अडवणारं काही दिसत नाही, तरी तीन दिवसांत नवा दंड आला नाही. यादीत घरं तेवीसच. दारांवर डहाळ्या एक्केचाळीस. पुन्हा मोजल्या. एक्केचाळीस.

गल्लीत आवाज नाही. वाळत घातलेले बोंबील कुणी उतरवलेले नाहीत. एका दाराआड कुणी तरी सारखं पाणी ओतत होतं. मी हाक मारली. ओतणं थांबलं. मी हलेपर्यंत थांबलेलंच राहिलं.

ता. १६

तीन दिवस उलटले. डहाळ्या सुकायला हव्यात; सगळ्या ताज्या! कोण बदलतं, दिसत नाही.

सोनूबाई ठणठणीत. टोपली घेऊन निघाली होती. पाण्याचा आवाज येतो त्या दाराकडे बोट करून विचारलं, "हे घर टोचलेलं?"

तिनं वर पाहिलं नाही. "डहाळी हाय ना? मंग इचारू नका. शब्द तुमचाच."

दार उघडवलं तर शब्द मोडला. पुढे एकही दंड मिळणार नाही. नाही उघडवलं तर आत ज्याच्या तापलेल्या डोक्यावर पाणी ओततायत तो — आणि त्याच्याजवळ बसलेले! डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. शब्द पाळतोय म्हणतो. की गंगाधरनंतर दार दाखवायची छाती नाही?

ता. १७

आज त्या दाराआड पाणी ओतल्याचा आवाज नव्हता.

ता. १८

संध्याकाळी घरी आलो. आमच्या दाराला डहाळी. ताजी.

अक्का उंबऱ्यात आडवी उभी. "टोचून आली तुझी बायको. ताप आहे थोडा. तीन दिवस आत यायचं नाही. तुझाच नियम."

यादीत हिचं नाव नाही. यादी माझ्याच हातची आहे.

बाहेर ओट्यावर बसून लिहितो आहे. आत कुणी तरी सारखं पाणी ओततं आहे.

उद्या उजाडताच — डॉक्टरांना आणणे. पहिलं दार आमचं.