दोन्ही बाह्या उजव्या

सोमवार, ९ मार्च
दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे इथे ठीक आहोत, तुम्हीही तिकडे ठीक असाल. तुझ्या भाऊजींचा गुडघा कुरकुरतोय, पण त्यांच्यापेक्षा कमी. बाबांनी कानाचं नवं यंत्र लावलंय. त्यातून त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं, म्हणजे जुन्यातून यायचं तेवढंच.

गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या सख्ख्या भावाला हिनं टपालानं पत्र का पाठवलं, हिचं डोकं फिरलं की काय, असं तुला वाटेल. फोनचं म्हणशील तर तो सध्या माझ्याजवळ नाही. ते पुढे सांगते.

चिमणीचा मखमलीचा कोट झाला. बटणं तेवढी राहिलीत. शनिवारी तुझी लेक तो घालून व्हायोलिन वाजवायला उभी राहील, तेव्हा पहिल्या रांगेत बसून रडू नकोस. तुझं रडणं फार मोठ्यानं असतं, वाजवणारी गडबडेल.

खरं तर आज मी तुझं कौतुक करायला बसले आहे. दचकू नकोस. आजवर मी तुझी कानउघाडणीच केली. तू सामन्यांवर पैसे लावायचास तेव्हा तर मी तोंडाचा पट्टा कधी आवरलाच नाही. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, असं तुझ्या बायकोसमोर बोलले होते. ती बिचारी उठून आत गेली होती. तू सोडलंस तेव्हाही माझ्या तोंडून शाबासकी निघाली नाही. बघू किती दिवस टिकतंय, एवढंच म्हणाले.

बाबांच्या वाढदिवसापासून मात्र तू माझ्या डोक्यातून जात नाहीस. जेवणं झाली, मधल्या खोलीत सतरंजी पडली, थोरल्या काकांच्या मुलानं पत्ते पिसले. पैसे नकोत, काड्यापेटीतल्या काड्या लावू, असं ठरलं. तुलाही हाक मारली. तू दारात उभा राहून सरळ म्हणालास, "मी नाही खेळत. मला थांबता येत नाही. काड्यांवरही नाही."

सगळे हसले. मीही हसले, आणि सगळ्यात मोठ्यानं. तुझ्या जागी मी असते तर डोकं दुखतंय म्हटलं असतं, कुणाचा फोन आलाय म्हणून गॅलरीत गेले असते. तू लाजला नाहीस, चिडलाही नाहीस. आत जाऊन बाह्या वर सारल्यास आणि एवढ्या माणसांची खरकटी भांडी घासायला घेतलीस. आईची ती मोठी कढई तर तू आरशासारखी लख्ख केलीस. मी त्या वेळी नुसतीच हसले. आता वाटतं, चारचौघांत असं बोलायला किती जिगर लागत असेल. आपल्या घरात एवढं धीराचं माणूस दुसरं नाही.

आणि तुझी ती लिफ्टची गोष्ट. तू सोडल्यावर थोड्याच दिवसांनी माझ्या कटिंगच्या टेबलाशी बसून सांगितली होतीस. लिफ्ट बंद पडलेली, आत एक म्हातारी अडकलेली, दुरुस्तीला तू गेलेला. हत्यारांची पेटी न उघडता तू जिन्यात बसून मोबाइलवर सामन्याची शेवटची मिनिटं बघत होतास. "ती आत देवाचा धावा करत होती, मी बाहेर. देव एकच, कामं वेगळी," असं म्हणाला होतास. मी हसले होते. मग तू म्हणालास, "ताई, त्या दिवशी मी जिंकलो होतो. म्हणूनच कळलं. हरलो असतो तर म्हटलं असतं, नशीब खराब."

हे तेव्हा मला समजलं नव्हतं. जिंकलेल्या दिवशी कसला पश्चात्ताप, असं वाटलं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघायला मी पहिल्यापासून हुशार.

वाढदिवसाला तू घरी निघालास, तेव्हा फाटकाशी हेल्मेटचा पट्टा लावता लावता विचारलंस, "ताई, मजा आली ना?"

"मग! सगळ्यांच्या काड्या माझ्याकडे."

"चहा झाला, सगळे उठले. तू पुन्हा एक डाव, पुन्हा एक डाव करत होतीस."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काड्या होत्या रे. घर नव्हतं लावलं."

तू म्हणालास, "मला काड्या दिसल्याच नाहीत. तुझं न उठणं दिसलं." आणि गाडी सुरू करून गेलास. मी फाटक असं आपटलं की बाबांनासुद्धा ऐकू गेलं.

आता फोनचं. त्यावर मी रमी खेळत होते. पैसे लावून. दुपारी जेवण झालं की कापड पुढे ओढण्याआधी जरा डोकं हलकं करायचं, एवढंच होतं ते. मग कापड पसरता पसरता. मग कापता कापता. भाऊजींचा फोन मधेच आला की कापायचा आणि नंतर सांगायचं, गिऱ्हाईक होतं हो समोर. मोरीत फोन घेऊन जायला लागले. घरात कुणी विचारलं नाही, कारण ताईवर कोण संशय घेणार? ताई तर सगळ्यांना शिकवते. नव्या मशीनसाठी बाजूला टाकलेलं त्यात गेलं. ते भाऊजींना रविवारी सांगितलं. त्यांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "फोन दे इकडे." मी दिला. तो त्यांच्या कपाटात आहे, आणि मी दिवसातून कितीदा तरी त्या कपाटापर्यंत जाऊन येते.

हे काही फार मोठं नाही, असं मी अजूनही स्वतःला सांगते. असो. बटणं लावायची राहिलीत. उरलेलं उद्या लिहिते.

मंगळवार, सकाळ

काल खोटं लिहिलं. बटणं लावून झाली होती. पुढचं लिहवत नव्हतं म्हणून उठले.

मखमलीला लव असते, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. आईच्या टेबलाखाली बसून तू तुकड्यांवरून हात फिरवायचास. ती दुहेरी घालून कापता येत नाही, सरकते. म्हणून एकेक बाही वेगळी कापायची. एक बाही कापली की कागदाचा नमुना पालथा करायचा आणि मग दुसरी. नमुना पालथा करायला विसरलं तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. शिकाऊ पोरी पहिल्या महिन्यात ही चूक करतात आणि आयुष्यभर पुन्हा करत नाहीत. मी तर कधीच केली नव्हती.

चिमणीचा कोट कापताना फोन उशाला होता, म्हणजे खडूच्या डबीला टेकवून ठेवलेला. हातात चांगली पानं आली होती. एक बाही कापली, एक पान टाकलं, दुसरी बाही कापली. मी तो डाव जिंकले, धाकट्या. जिंकल्याच्या आनंदात मान वर केली तर आमची काज करणारी बाई दोन्ही तुकडे हातात धरून उभी. म्हणाली, "बाई, पोरीला दोन उजवे हात आहेत का?"

आणि मला काय वाटलं माहीत आहे? लाज नंतर वाटली. आधी वाटलं, ही बाजूला झाली तर पुढचा डाव घेता येईल.

त्याच क्षणी मला तुझी ती लिफ्ट आठवली. तरीही मी पुढचा डाव खेळले.

संध्याकाळी तू आलास आणि विचारलंस, कोट कुठवर आला? मी म्हणाले, कापडच खराब निघालं, लव उडतेय, त्या दुकानदारानं फसवलं. तू एका शब्दानं उलट विचारलं नाहीस. दोन्ही बाह्या पिशवीत घातल्यास आणि तडक दुकानात गेलास. तिथे तू काय बोललास ते आज सकाळी मला कळलं, कारण आज मी त्याच दुकानात गेले होते.

गल्ल्यावर ते म्हातारे दुकानदार स्वतः होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कापडात दोष नव्हता, हात माझा चुकला, खोटं मी बोलले, माझ्या भावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बाई, त्यांनी तुकडे गल्ल्यावर ठेवले तेव्हाच मी बघितलं, दोन्ही उजव्या."

"मग नवीन कापड का दिलंत?"

"तुमचा भाऊ म्हणाला, माझ्या ताईच्या हातून आजवर एक बोटभर कापड वाया गेलेलं नाही. इतक्या अभिमानानं बोलत होता. चार लोकांसमोर त्याला खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं."

धाकट्या, मी दुकानाच्या पायरीवर बसून रडले. तुझ्याइतकंच मोठ्यानं. त्यांनी पाणी आणून दिलं. कापडाचे पैसे देऊ केले ते आधी घेईनात, मग घेतले. मी म्हटलं, घ्या, नाहीतर मला इथून उठता येणार नाही.

आता तू चिडशील. चीड. तुला त्या भल्या माणसाशी भांडायला मी लावलं, आणि तू त्याची माफी मागायला जाशील तेव्हा मीही सोबत येईन. शिव्या घालायच्या तर समोर घाल, मी तुला कमी घातल्या नाहीत. फक्त चिमणीला शनिवार होईपर्यंत सांगू नकोस. त्यानंतर मीच सांगेन. कोट मात्र निर्धास्त घालू दे, या वेळी एक बाही डावी आहे, एक उजवी. काजवालीनं दोनदा तपासल्या, मी तीनदा.

तू दर बुधवारी त्या खोलीत जातोस ना, जिथे जुगार सोडू बघणारे सगळे खुर्च्या गोल मांडून बसतात? मी त्याला तुमचं भजनी मंडळ म्हणून हिणवायची. गेल्या बुधवारी कुणाला न सांगता तिथवर गेले होते. खिडकीतून बघितलं. तू खुर्च्या मांडत होतास, आणि एक नवीन माणूस दारातच घुटमळत होता. तू त्याला आत बोलावलं नाहीस. नुसती एक खुर्ची जास्तीची मांडलीस आणि दाराकडे पाठ केलीस, म्हणजे त्याला लाज न वाटता बसता येईल. तो बसला. मी घरी परत आले.

मी तुझ्याआधी जन्मले. शाळेत जाताना रस्ता ओलांडताना तू कायम माझ्या मागे, माझ्या ओढणीचं टोक धरून. पुढे चालायची मला इतकी सवय झाली की तू कधी पुढे निघून गेलास ते बघितलंच नाही.

उद्या बुधवार. हे पत्र काजवालीच्या हाती आजच तुझ्याकडे देते, टपालाची वाट बघितली तर माझा धीर सुटेल. एक खुर्ची जास्त मांड. आणि दाराकडे पाठ कर.

तुझ्या मागून येणारी,
ताई