मशीन कपाटात, आम्ही डोंगरावर

तीर्थरूप दादांना आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला असेल. इकडे आम्ही तिघंही हयात आहोत. त्यातल्या एकाबद्दल (म्हणजे माझ्याबद्दल) मलाच अजून खात्री वाटत नाही.

लेकीची बदली उंचावरच्या हवामान केंद्रात झाली, म्हणून आम्ही इथे आलो. निघताना तुम्ही म्हणालात, "डोंगरावरची हवा म्हणजे अमृत. ते नाकाचं मशीन कशाला ओढत नेता?" झोपेत माझा श्वास अडतो म्हणून डॉक्टरांनी दिलेलं ते मशीन (लावलं की सोंड फुटल्यासारखा दिसतो, कबूल) मी तुमच्या शब्दाखातर घरीच कपाटात ठेवलं. पहिल्याच दुपारी जेवून खुर्चीत डोळा लागला. माझ्या घोरण्याला तीस वर्षं कंटाळलेली तुमची बहीण शेजारी भाजी निवडत होती. घोरणं एकदम थांबलं. ती आधी सुखावली, मग हादरली. लेकीनं घड्याळ लावलं. बावीस सेकंद श्वास नाही, मग मोठा उसासा, पुन्हा सामसूम. सवयीनं तिनं हे वाऱ्याच्या तक्त्यातच लिहून टाकलं. मला गदागदा हलवून उठवलं तेव्हा दोघी रडत होत्या आणि मी विचारलं, "चहा झाला का?" त्यावर जे ऐकून घेतलं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.

इथली डॉक्टरबाई वयानं लेकीएवढी. तिनं बोटाला चिमटा लावला, आकडा पाहिला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी आपोआप उभा राहिलो. म्हणाली, "खाली तुमचा घसा अडतो. इथे हवा विरळ, म्हणून झोपेत मेंदूच श्वास घ्यायला सांगायचं विसरतो. तुमचं आता दोन्ही चालू आहे." चाळीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं बाहेर काढली, रोज झोपेत आपणच अडकतो हे ऐकून दरदरून घाम फुटला. तिनं मला ऑक्सिजनवर दवाखान्यातच ठेवून घेतलं, गोळ्या दिल्या (बोटांना मुंग्या येतात आणि दर तासाला मोरीकडे धावावं लागतं) आणि मशीन मागवायला लावलं. तिसऱ्या दिवशी ते सामानाच्या जीपमधून आलं. आता गोळी घेऊन, सोंड लावून झोपतो. तुमची बहीणही झोपते.

आपला,
लिफ्टवाला

ता. क. मशीन कोणाच्या सल्ल्यानं ठेवलंत, असं डॉक्टरबाईनं विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं नाही. तुमच्या बहिणीनं सांगितलं, पत्त्यासकट.

आणखी ता. क. पत्राचं खरं कारण असं की, तुमचंही घोरणं झोपेत असंच मध्येच थांबतं, हे वहिनींनी काल फोनवर सांगितलं. तुमची तपासणी पुढच्या सोमवारी ठरली आहे. बँकेत जायचंय असं सांगून त्या तुम्हाला बाहेर काढतील. हे तुम्हाला कळवणार नाही, असा मी त्यांना शब्द दिला आहे. तेव्हा दादा, कृपा करून फसल्यासारखं करा.