पश्चिमेकडची खोली

१४ नोव्हें., शुक्र.
संगमनेरहून शेख मॅडमचा फोन. शिक्षिका. पुढच्या शनिवारी आपल्याकडे मुक्कामाला सहाजण, सोबत म्हातारी सासू. भंडारदरा बघायचंय. जरा थांबून विचारलं, नमाजला जागा मिळेल का, चिकन हलाल असेल का. आधी दोन ठिकाणी विचारलं तर खोल्या भरल्यात म्हणाले. मी हो म्हणून टाकलं.

२०, गुरु.
चिकन राजूरच्या मुस्लिम दुकानातून आणायचं. पातेली वेगळी काढली. मागची खोली नमाजला रिकामी केली, खिडकी पश्चिमेला, त्यांची नमाजची दिशा तीच. नमाजआधी हातपाय धुवायला नळाखाली बसायला दगड. हे काहीच बोलले नाहीत. धाकटे दीर बोलले. शेजारचे तंबू त्यांचे, दोघांचा बोर्ड एकच. "वैनी, एकदा नाव झालं की पुन्याची लोकं येनार न्हाईत. माझं बी गिऱ्हाईक जाईल."
खोटं नाही बोलत ते.

२२, शनि.
आले. खोली बघून मॅडम म्हणाल्या, आम्ही एरवी गाडीमागे चादर अंथरतो.
तिसऱ्या प्रहरी म्हातारीला पाण्याकाठी नमाज पढायची होती. पढा म्हटलं. चुकलं का? तंबूतल्या दोघांनी मोबाईल काढले. मी मध्ये जाऊन उभी. बाजूला व्हा म्हणाले. मी नाही झाले. दीर लांबून बघत होते, आले नाहीत.

२३, रवि.
गावच्या ग्रुपवर फोटो. त्यात मीच, मागे म्हातारीची चप्पल तेवढी. खाली, 'इथं आता हे चालू.'
निघताना म्हातारीने हात धरला. "पोरी, तुझ्याकडं आमाला कुनी घाई केली न्हाई."
गाडी गेल्यावर रडू आलं. भीतीचंच असेल.

२५, मंगळ.
गावातली चार मंडळी आली. चहा घेतला नाही. मागची खोली बंद करा, तसं ग्रुपवर टाका, म्हणाले. दीर म्हणाले, न्हाईतर माझा बोर्ड वेगळा. तेव्हा हे पहिल्यांदा बोलले, "घर तिनं चालवलंय. तिला इचारा."
रविवारी सांगते म्हटलं.

२८, शुक्र.
मॅडमनी इंटरनेटवर चांगलं लिहिलंय, खोलीबद्दलही. ते वाचून मालेगावच्या एका बाईंचा फोन. डिसेंबरात बाराजण. आपल्या चारच खोल्या. कळवते म्हटलं.

३०, रवि.
मंडळी अकराला येणार. काय सांगणार, ह्यांनी विचारलं. ठरलं नाही अजून.
आत्ता जाऊबाई, दिरांची बायको, कुंपणाशी येऊन गेली. हळूच विचारलं, मालेगाववाल्यांना तंबू चालतील का. दिरांना सांगू नका म्हणाली.
बाहेर मोटारसायकली थांबल्या. मंडळी आली वाटतं. वही ठेवते.