मामांची डावी चप्पल आणि सरकारी कुत्रा

लातूर,
ता. ९ एप्रिल १९८३

तीर्थरूप मामांच्या चरणी जावई सिद्धरामचा शरणार्थ. तुमचे गुडघे, मामींचा दमा आणि विहिरीचं पाणी, तिन्हींची खुशाली कळवावी. इकडे आम्ही ठीक आहोत. लातूर जिल्हा होऊन सात-आठ महिने झाले, कलेक्टर आले, एसपी आले, पाणी तेवढं यायचं राहिलं. नळ चौथ्या दिवशी येतो आणि भिडस्त पाहुण्यासारखा लगेच निघतो (तुमच्याबद्दल म्हणत नाही, तुम्ही नऊ दिवस राहिलात).

चप्पल ताबडतोब पाठवा, असं तुमचं कार्ड पोचलं. मुखेडची गाडी धरायच्या गडबडीत तुम्ही उजव्या पायात आपली आणि डाव्यात माझी घालून गेलात, तेव्हापासून तुमची डावी माझ्या स्टुडिओत आहे. म्हणजे होती. आता ती सरकारच्या ताब्यात आहे. सविस्तर सांगतो, रागावू नये.

दुष्काळामुळे यंदा लोकांनी लग्नं पुढे ढकलली, त्यामुळे माझा कॅमेरा धूळ खात होता. अशात पोलिसांकडून निरोप आला की हिरा आणि राणी यांचे फोटो नोकरीच्या पुस्तकात लावायला हवेत. चांगले निघाले तर जिल्ह्यातल्या सगळ्या पोलिसांच्या ओळखपत्रांचं काम मला मिळणार होतं. मी कंगवा, पावडर आणि स्टुडिओचा कोट काढून ठेवला. आले ते दोन अल्सेशियन कुत्रे, आणि त्यांना सांभाळणारे हवालदार लिंबाजी. (कोट लिंबाजींनी घालून पाहिला. बसला नाही.)

"सायबाचा हुकूम हाय, दोन्ही कान उभे दिसले पायजेत," लिंबाजी म्हणाले. कान उभे करायला काहीतरी खेळणं दाखवावं लागतं. बाजारातली चूं करणारी रबरी बाहुली आणली, हिऱ्याने एका चाव्यात तिचा आवाज कायमचा बंद केला. लाकडी भोवऱ्याच्या ढलप्या निघाल्या, तेव्हा त्या तोंडात टोचतील म्हणून लिंबाजी माझ्यावरच खेकसले. क्रिकेटचा चेंडू तेवढा पाव तास टिकला. मी घामाघूम झालो होतो, कारण फोटो धुवायला तुमच्या लेकीने, गौरम्माने, आंघोळीच्या पाण्यातून दोनच घागरी दिल्या होत्या आणि बिघडला तर तिसरी मिळणार नव्हती. तेवढ्यात कोपऱ्यातली तुमची चप्पल दिसली. तुमच्या गावच्या सटवाजीने ट्रकच्या टायरची बनवलेली, अकरा वर्षं तुमच्या पायाखाली टिकलेली. मी ती हिऱ्याच्या नाकापुढे धरली.

कान ताडकन उभे राहिले. मी बटण दाबणार, तोच हिऱ्याने चप्पल तोंडात धरली, नाक जमिनीला लावलं आणि दाराबाहेर सुसाट निघाला. मागे लिंबाजी, त्यांच्यामागे राणी, तिच्यामागे कॅमेरा घेऊन मी.

"आवो, खेळणं न्हाई दिलं तुमी त्याला," लिंबाजी धावता धावता ओरडले. "वास दिला की काम दिलं म्हनून समजतो त्यो."

गंजगोलाईला वळसा घालून हिरा थेट एसटी स्टँडवर गेला आणि मुखेडची गाडी लागते तिथे बसला. वीस दिवसांचा वास, मामा. असला टिकाऊ वास नोकरीत पाहिला नाही, असं लिंबाजी सगळ्यांदेखत म्हणाले आणि खरं सांगतो, मला तुमचा अभिमान वाटला. मी तिथेच फोटो काढला. दोन्ही कान उभे, तोंडात चप्पल, वर मुखेडची पाटी. साहेब खूष झाले. पण हिरा चप्पल सोडायला तयार नाही.

मामींना नमस्कार.

आपला जावई,
सिद्धराम

ता. क. राणीचा फोटो राहिला आहे. तो निघाल्याशिवाय ओळखपत्रांचं काम पक्कं होत नाही, आणि तिला दुसरं काही चालत नाही. तेव्हा कृपा करून उजवीही पाठवावी. डाव्या पायातली माझी तुम्हीच ठेवा.

ता. क. दुसरा. चप्पल कंडक्टरजवळ द्यावी. स्वतः घेऊन येऊ नये. हिरा रोज सकाळी मुखेडच्या गाडीची वाट बघत बसतो.