दीपकच्या कोटाचं माप

जयमाला,

दारू सोडून आज चौसष्ट दिवस झाले. व्यसनमुक्ती केंद्रातल्या पुष्पांजली मॅडमनं मोबाईलवर डोक्याचा व्यायाम देला आहे. आकडे दिसतात अन् जातात, मंग ते उलटे सांगा लागते. पयल्या दिवशी मले तीन आकडेही जमले नाहीत. मी फोन गादीवर फेकला. म्हटलं, "मी शिंपी आहे मॅडम, पोरायचे खेळ काऊन देता?"

त्या म्हणाल्या, "शिंपी आहात म्हणूनच देते. कापड कापताना माप कुठं धरता?"

माप डोक्यातच धरा लागते, अन् दारूनं माह्या डोक्यात ते टिकतच नव्हतं. तुह्या भावाच्या, दीपकच्या लग्नात मी शिवलेला त्याचा कोट आखूड झाला, तवा मी मांडवात सगळ्यांदेखत म्हटलं, जयमालानंच माप चुकीचं सांगतलं. तू बरोबर सांगतलं होतं. कात्री हातात घेईस्तोवर मीच विसरलो होतो. माहेरच्यांनी तुले बोल लावला, तरी तू तिथंच राह्यली, माह्यासंगं परत आली नाहीस.

आता रोज सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं बसतो. सहा आकडे उलटे जमतात. कधी चारावरच अडते, पण सोडत नाही. काल दुकानात एका ब्लाऊजची मापं वहीत लिहिली अन् वही न पाहता कापड कापलं. मंग ताडून पाह्यलं, एकही माप चुकलं नव्हतं.

हे पत्र मी टपालात टाकत नाही. खोटं मांडवात उभं राहून बोललो, तर खरं कागदामागं लपून काऊन सांगू? रविवारी साखरखेर्ड्याले तुह्या माहेरी येऊन दीपकसमोर हे सगळं बोलीन. तू माह्यासंगं घरी येशील का, हे त्या दिवशी इचारणार नाही.

मलकापूरहून,
सहदेव